कोंबड्यांचं पाणी

आत-बाशी,
७ फेब्रुवारी १९९८

मोठे भावजी यांना,

सलाम. तुम्ही, जाऊबाई आणि चिरंजीव एर्मेक खुशाल असाल. मीही बरी आहे. उजव्या हाताची दोन बोटं थंडीने काळी पडली होती, पण आता जुनी कातडी निघून खाली गुलाबी आली आहे. ही चिठ्ठी बसच्या ड्रायव्हरबरोबर पाठवते आहे. तुमचीही त्यानेच आणून दिली. "काकू, वाचून दाखवू का?" म्हणाला. मी म्हटलं, मला येतं वाचता.

तुम्ही लिहिलंय, शनिवारी ट्रक घेऊन येतो, सामान बांधून ठेव. आणि सासऱ्यांचा तो जाड लोकरीचा, बुरणुसाचा डगला वेगळा बांध, एर्मेकच्या लग्नात त्याच्या खांद्यावर घालायचा आहे. डगल्याचं सांगते. पण आधी कोंबड्यांचं.

हे गेल्यानंतरच्या चाळिसाव्या दिवसाचं जेवण आठवतंय ना? गावात सगळ्यांत वडीलधारे म्हणून साद्यर आजोबा म्हणाले होते, "धाकट्याचं घर धाकट्याकडेच राहतं. सून आहे ना मागे?" त्यावर तुम्ही म्हणालात, "आजोबा, पोर ना बाळ, एकटी बाई खाणार काय? भिंती चाटणार?" मी दारातून म्हटलं, माझ्या कोंबड्या आहेत. सगळे खो खो हसले. तुम्ही तर डोळे पुसलेत. "कोंबडी हे काय जनावर आहे? चिल्देच्या, ऐन कडाक्याच्या चाळीस दिवसांतून तुझी एक जरी कोंबडी जिवंत निघाली ना, तर घर तुझं. जा!" साद्यर आजोबांनी लगेच हात वर केला. "ऐकलं हं सगळ्यांनी."

तुम्ही थट्टा केलीत. मी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मेंढ्या आणि घोडा ट्रकात चढवलात. सांभाळायला नेतो, म्हणालात. मेंढ्या नेल्यात आणि लेंड्या ठेवल्यात, हे तुमचे उपकारच झाले, ते पुढे येईलच. जाताना मी विचारलं, भावजी, कोंबड्यांच्या पाण्याचं काय करू, घटकेत गोठतं. तुम्ही खिडकीतून म्हणालात, "घोडा बर्फ खाऊन जगतो, मेंढी बर्फ खाऊन जगते, तुझ्या राण्यांना काय धाड भरलीय? बर्फ घाल पुढ्यात."

मी घातला. नऊ दिवस. या घरात तुमचं ऐकायचं, हे अंगवळणी पडलं होतं. तिसऱ्या दिवशी अंडी बंद झाली. मग तुरे काळवंडले. दाणे समोर असून त्या खाईनात, घसाच कोरडा तर दाणा उतरेल कसा? नऊ दिवसांत चौदातल्या सहा गेल्या.

आणि आता खरं सांगते. मला माहीत होतं. हे दर हिवाळ्यात दिवसातून चार वेळा कोमट पाणी नेऊन द्यायचे. कोटाखाली लपवून न्यायचे, कारण तुम्ही पाहिलंत तर म्हणाल, माझा भाऊ मेंढपाळाचा कोंबडीवाला झाला. मी ते पंधरा वर्षं डोळ्यांनी पाहिलं, तरी तुमचं ऐकलं. त्या सहा कोंबड्या तुमच्या खात्यावर नाहीत, माझ्या आहेत. पण सातवी तुमच्या शब्दामुळे मरू द्यायची नाही, असं त्या दिवशी ठरवलं.

वीज दिवसातून दोन तास येते, तीही येईल तेव्हा. दिवा लावून ऊब द्यायची म्हटली तर ते नाहीच. गरम पाणी नेलं की चहा पिऊन होईस्तोवर वर पापुद्रा यायचा. बर्फ फोडफोडून बोटांची ती दशा झाली. शेजारच्या बुबुश आजीने सांगितलं, नदीतले गोटे चुलीच्या राखेत तापव. मग मी खोकं घेतलं, मेंढ्यांच्या गोठ्यातल्या तळच्या लेंड्या भरल्या, त्या आतून आपोआप ऊब धरतात. त्यात तापलेले गोटे आणि वर जाड बुडाचं भांडं. हे सगळं झालं, तरी चौदा जानेवारीला पारा उणे चौतीसवर गेला आणि दुपारपर्यंत भांड्याचा दगड झाला. आणखी दोन कोंबड्या कोपऱ्यात मरून पडल्या.

त्या दिवशी मी खरंच सामान बांधलं होतं. तुमच्याकडे यायला. जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात खिडकीशी माझी खाट पडेल, उद्या एर्मेकची पोरं मला आजी म्हणतील, सकाळी कोणी विचारेल, आज भांडी कोण घासणार. वाईट काही नाही त्यात. फक्त मला कुणाच्या तरी घरात मरायचं नव्हतं.

सामानात सगळ्यात वर तो डगला होता.

भावजी, तो कापला मी. एक घाव दोन तुकडे म्हणतात तसं नाही झालं. बुरणूस बोटभर जाड, मेंढ्या कातरायच्या कात्रीनेही तुटेना. तासभर लागला. त्याला अजून ह्यांचा वास होता. हे गेल्यापासून मी रोज तोच पांघरून झोपत होते. आधी रडले, मग कात्री चालवली, मग पुन्हा रडले. पाठीचा भाग भांड्याभोवती चार पदरी गुंडाळला, बाह्यांचं झाकण शिवलं, चोच जाईल एवढं भोक ठेवून. तुमचे वडील त्या डगल्यात वादळात तीन दिवस बसून जिवंत परतले होते ना? तसंच झालं. संध्याकाळी झाकण उचललं, तर पाणी हललं.

बुबुश आजी बघून गेल्या. म्हणाल्या, "अगं बये, हा तर सासऱ्याचा! थोरला तुला जिवंत सोडेल का?" मी म्हटलं, आजी, कोंबड्या जिवंत राहिल्या, तेवढं पुरे.

एर्मेकला सांगा, काकूने डगला फाडला. लपवू नका. त्याच्या लग्नासाठी दुसरा हवा असेल तर बुरणूस मी बडवून देईन, मला येतो. लोकर तेवढी पाठवा, मेंढ्या तुमच्याकडेच आहेत.

चिल्दे परवा संपली. साद्यर आजोबा काठी टेकत आले आणि मोजून गेले. सहा. लंगडी पिवळी धरून सहा. ते एवढंच म्हणाले, "तुझ्या दिराला कळव. मीही सगळ्यांना सांगतो." मी तीन अंडी त्यांच्या टोपीत घातली.

तेव्हा शनिवारी या. ट्रक आणलात तर रिकामा आणा, रिकामाच परत न्याल. एकदा वाटलं होतं, लिहावं येऊ नका म्हणून, पण तसं लिहायला मी काही तुमच्यासारखी नाही. चहा होईल, भाकरी होईल, अंडी उकडून ठेवते. दाराच्या बरोबर समोरची, पाहुण्याच्या मानाची जागा तुमच्यासाठी झाडून ठेवीन. इतकी वर्षं तुम्ही या घरात त्या जागी मालकासारखे बसलात. आता पाहुण्यासारखे बसा. बूट दाराशी काढा.

तुमच्या धाकट्या भावाची बायको,
आणि या घराची मालकीण,
उरुमकान