तिवरांतली घरटी

पूर्णगड, ५ ऑक्टोबर १९३१

प्रिय चिमे, ताईचे तुला आशीर्वाद.

कॉन्व्हेंटच्या गॅलरीत चिमणीची पिल्लं ओरडायची आणि सिस्टरना ऐकू जाऊन त्यांनी घरटं काढून टाकू नये म्हणून आपण दोघी मोठ्यांदा प्रार्थना म्हणायचो, आठवतं? काल होडीत मला तेच आठवलं.

माझा खोकला गेला. तुझे गुडघे कसे आहेत?

इथे मात्र बायका मला पाहून पाठ फिरवतात. मासळी विकत देत नाहीत. परवा कुणीतरी कॅमेऱ्यावर चिखल फेकला. गेल्या वर्षी खाडीतल्या तिवरांत मी बगळ्यांच्या घरट्यांचा फोटो काढला होता ना, तो तुझ्या आत्मारामरावांनी मला न विचारता मासिकात दिला, खाली गावाचं नाव घालून. ते वाचून शिकारी आले. ज्या वळणावर इथले लोक वल्हंसुद्धा हळू मारत, तिथे आता एकही घरटं नाही.

महिपत तेवढा मला होडीत घेतो. तोही म्हणाला, "बाय, आमी गप ऱ्हायलो म्हनून पाखरा ऱ्हायली. बंदूकवाल्यांना वाट कोनी दाखवलान?"

तुझ्या यजमानांचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही.

तरी काल त्याने मला खाडीच्या आतल्या फाट्यात नेलं. तिथे थोडे बगळे पुन्हा बसलेत. मी फोटो काढला, तेव्हा त्याने हळूच विचारलं, "ह्याच्या खाली काय लिवनार?"

सोबत फोटोच्या तीन निगेटिव्ह काचा आहेत. किल्ल्याची आत्मारामरावांना दे, खुशाल छापू देत. शिडाच्या मचव्याची तुझ्या सूनबाईला. घरट्यांची मात्र तुझ्या ट्रंकेत ठेव. तिचा एकच फोटो छापून मला पाठव, तो महिपतचा आहे. त्याच्या खाली काही लिहू नकोस.

तुझी,
ताई