नऊ नंबरचं सॉकेट

अण्णा, तुम्ही जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मला तुमची आठवण फारशी येत नाही. गेल्या आठवड्यात आली, कामावर, सकाळी अकराच्या सुमाराला, दोन लोखंडी कपाटांच्या मागे गुडघ्यांवर बसले असताना. चांगल्या कारणानं आली असा गैरसमज करून घेऊ नका.

तुम्ही गेलात तेव्हा मी एका दुकानात बिलं टाइप करत होते, आणि ‘पोरीच्या जातीला बसून काम मिळालं, लई झालं’ असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात. आता मी सोलापुरातल्याच एका खासगी दवाखान्यात कॉम्प्युटर विभाग बघते. बघते म्हणजे काम मी करते आणि नाव आमच्या साहेबांचं असतं. साहेबांच्या केबिनमध्ये चार सर्टिफिकिटं फ्रेम करून लावलेली आहेत आणि त्यांनी आजवर एकाही मशीनची पाठ पाहिलेली नाही. सर्व्हरच्या खोलीत दोन उंच कपाटं आहेत, आणि प्रत्येकाच्या मागच्या बाजूला डावी-उजवीकडे एकेक उभी पट्टी, चोवीस सॉकेटांची. तुमच्या भाषेत एक्स्टेन्शन बोर्डच, फक्त त्याला नेटवर्कची वायर जोडलेली असते. केबिनमध्ये बसून पडद्यावर बघायचं, कुठल्या सॉकेटवर कुठलं मशीन आहे, किती वीज घेतंय, आणि तिथूनच बटण दाबून ते बंद-चालू करायचं. बारा-तेरा वर्षांपूर्वी हे सगळं नवं होतं तेव्हा छान चालायचं. आता पहिल्या कपाटाच्या डाव्या पट्टीच्या पोटातलं कार्ड, जे नेटवर्कशी बोलतं, ते आठ-आठ दिवस मुकं होतं. तिचं पान नव्या ब्राउझरमध्ये उघडतच नाही, त्यासाठी साहेबांच्या केबिनमध्ये एक जुना कॉम्प्युटर जपून ठेवावा लागतो. ही पट्टी बदला म्हणून मी तीनदा लेखी दिलं. साहेब प्रत्येक वेळी पडद्याकडे बोट करून म्हणाले, “सगळं हिरवं दिसतंय की, मॅडम. उगीच कशाला?”

त्या दिवशी बॅकअपचं मशीन अडकलं. मला हाक मारायची ती सोडून साहेबांनी केबिनमधूनच पान उघडलं. नऊ नंबरच्या सॉकेटसमोर ‘बॅकअप’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी ते बंद केलं. बॅकअपचं मशीन होतं तसंच अडकून राहिलं आणि खाली लॅबचा सगळा कारभार थांबला. कारण कधीतरी कुणीतरी नऊवर लॅबचा सर्व्हर लावला होता आणि पडद्यावरचं नाव बदलायचे कष्ट घेतले नव्हते. साहेबांनी घाईघाईनं नऊ परत चालू केलं. पडद्यावर हिरवं झालं, सर्व्हर मात्र उठेना. मी लॅबच्या काउंटरवरून धावत वर येत होते, तिथे एक माणूस दोन्ही हात टेकून उभा होता. त्याची बायको आयसीयूत होती, रक्तातल्या पोटॅशियमचा रिपोर्ट आल्याशिवाय डॉक्टर पुढचं औषध सुरू करत नव्हते, आणि तो लॅबच्या बाईंना एकच विचारत होता, “ताई, हातानं लिहून द्या की.” त्या म्हणत होत्या, आकडाच सिस्टीममध्ये अडकलाय, काय लिहू?

अशा वेळी मी काय केलं ते तुम्हाला लगेच कळेल. मी पडद्याकडे पाठ केली, कपाटाच्या मागे बसले आणि सर्व्हरच्या वायरी हातात धरून बोटांनी शेवटापर्यंत मागोवा घेत गेले. चाळीत आपल्या स्वयंपाकघरातला दिवा जायचा तेव्हा तुम्ही मला स्टुलावर उभं करायचात, मेन बंद करून माझी बोटं भिंतीवरच्या वायरीच्या पट्टीवर ठेवायचात आणि म्हणायचात, “डोळ्यानं न्हाय. हातानं. डोळा फसतो, वायर फसवत न्हाय.” आई पिठाच्या हातानं बाजूला उभी असायची. मी चुकले की तुम्ही पहिल्यापासून सुरू करायला लावायचात आणि ‘ध्यान कुटं हाय तुजं?’ म्हणून डोक्यात टपली मारायचात. तेवढं एक तुम्ही मला दिलंत, हे नाकारत नाही.

सर्व्हरला दोन वायरी असतात, एक गेली तर दुसरीवर चालावा म्हणून. एक डाव्या पट्टीत, दुसरी उजवीत, असा नियम. इथे दोन्ही डावीतच खोचलेल्या, नऊ आणि दहा. दहाला मीटर लावला तर वीजच नाही. किती महिने नव्हती कोण जाणे. आतला संपर्क झिजून गेला होता, आणि पडद्यावर ‘चालू’ असं हिरवं लिहिलेलं होतं. म्हणजे सर्व्हर एकट्या नऊवर जगत होता आणि साहेबांनी नेमकं तेच बंद केलं. परत चालू करताना नऊही गेलं. मी उजव्या पट्टीतलं एक सॉकेट मोजून घेतलं आणि एक वायर तिकडे लावली. पंखे फिरायला लागले. वीस मिनिटांत रिपोर्ट वर गेला. ती बाई चार दिवसांनी घरी गेली, हे मी मुद्दाम विचारून घेतलं.

मग साहेब खोलीत आले. पहिल्यांदाच. फोनवर पट्टीच्या पुण्यातल्या कंपनीचा माणूस होता, तो म्हणत होता की कार्ड नव्यानं सुरू करायला त्याचं बारीक बटण पिनेनं दाबा, सॉकेटांना धक्का लागत नाही, पुस्तकात तसं लिहिलंय. साहेब म्हणाले, “दाबा की मग.” मी म्हटलं, पुस्तक नवीन पट्टीचं आहे, ही म्हातारी आहे. आधी प्रत्येक मशीनची एक वायर उजवीकडे नेते, मग दाबते. “किती वेळ?” दोन तास. त्यांनी तोंड वाकडं केलं, पण लॅबचा धसका ताजा होता. दोन तासांनी मी पिन दाबली आणि डाव्या पट्टीतली तीन सॉकेटं टकटक करत बंद पडली. एकही मशीन पडलं नाही. फोनवरचा माणूस म्हणाला, असं व्हायला नको होतं. मी फोन साहेबांच्या हातात दिला.

आणि आता तुमचं येतं. साहेबांनी विचारलं, “मॅडम, आता कशावर काय आहे, त्याची यादी देता का?” ती तेव्हा फक्त माझ्या डोक्यात होती. मी उत्तर दिलं, “यादी कशाला? लागलं की मला विचारायचं.” बोलले आणि माझ्याच तोंडाची मला किळस आली. तो आवाज तुमचा होता.

मी सहावीत होते. डबा घेऊन गिरणीत आले होते, ऑफिसच्या दाराबाहेर उभी होते. तुम्ही हेड वायरमन. पॅनलवरच्या पाट्या वर्षानुवर्षं खोट्या झाल्या होत्या, कारण तुम्ही लाइनी फिरवायचात आणि लिहायचा नाहीत. तुमच्या जोडीचे वायरमन, शेजारच्या चाळीतले, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, ते तुम्हाला दोनदा आमच्यासमोर म्हणाले होते, एवढं लिहून ठेव. तुम्ही हसलात, “लिवलं तर मला कोन इचारनार?” मग तुम्ही मोडनिंबला लग्नाला गेलात, आणि मामांनी पाटी वाचून स्विच पाडला आणि पॅनल उघडलं. आतली लाइन जिवंत होती. उजव्या हाताची दोन बोटं गेली, बाकीचा हात वाकडा झाला. मी दाराबाहेर उभी होते तेव्हा आत मॅनेजर तुम्हाला विचारत होता, पाटी खोटी कशी? आणि तुम्ही म्हणालात, “त्यानं मला इचारायला पायजे हुतं.” आवाजात काडीची खंत नाही. मॅनेजरनं मान डोलावली. मामांना घरी बसवलं. तुमची रजा मात्र त्यानंतर कधी मंजूर झाली नाही, आणि तुम्ही ते कौतुकानं सांगायचात, माझ्याबिगर त्यांचं पान हलत न्हाय म्हणून. मामी त्या दिवसापासून आईशी बोलल्या नाहीत. तुम्ही एकदाही त्यांच्या दारात गेला नाहीत. तुम्ही हुशार होतात हे सगळे म्हणतात. मी म्हणते, तुम्ही घाबरट होतात. आपल्यावाचून चालेल या भीतीनं तुम्ही एका माणसाचा हात घालवलात, आणि वर त्यालाच दोष दिलात. मोठा माणूस कसा असतो ते मला पुढे इतरांकडे बघून शिकावं लागलं.

साहेब परत केबिनकडे निघाले होते. मी त्यांना थांबवलं आणि म्हटलं, संध्याकाळपर्यंत यादी देते. कागदी टेप आणि मार्कर आणला, प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव लिहिलं, मेलेल्या सॉकेटांवर फुल्या मारल्या, आणि सगळं कागदावर उतरवून एक प्रत दारावर चिकटवली. साहेबांना त्यातलं काही कळणार नाही. कळणाऱ्या माणसासाठी आहे ती, जो कोणी माझ्यानंतर येईल त्याच्यासाठी. नव्या पट्ट्यांचा अर्ज या वेळी साहेबांनी स्वतः लिहिला, आणि त्यात ‘माझ्या निदर्शनास आले की’ असं आहे. असू दे. त्यांच्याकडून याहून वेगळी अपेक्षा नव्हती.

काल मोठ्या डॉक्टरांनी मीटिंगला बोलावलं. दहा-बारा माणसं होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “वायर हातात धरून शोधायचं, हे तुम्हाला कुणी शिकवलं?” मी म्हटलं, “कुणीच नाही, सर. कामातून येतं.”

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. एवढं एक मात्र मान्य करते. ते खोटं बोलताना, दहा माणसांसमोर तुम्हाला पुसून टाकताना, मला लई बरं वाटलं. घरी येऊन चपला काढेपर्यंत वाटत होतं. मग नाही वाटलं.