गंज तसाच राहील

३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

१. पाणीपुरवठा कार्यालयाच्या भिंतीवरच्या काचचित्रासाठीचा लोखंडी पत्रा मी मिठाच्या पाण्याने मुद्दाम गंजवला होता.
२. मी राळ आणायला गेले असताना तू तो तारेच्या ब्रशने अर्धा घासून काढलास.
३. त्यावर निळ्या काचेचे तुकडे मांडलेस.
४. पोरीच्या हातून पत्रा खराब झाला होता, मी निस्तरलं, असं तिथल्या साहेबांना फोनवर सांगितलंस.

चौथं सगळ्यात जास्त लागलं. पत्रा खराब झाला नव्हता. गंज हाच माझा रंग आहे. त्यावर पारदर्शक काच बसली की नदीचा गढूळ तळ दिसतो. गंज पुढे वाढू नये म्हणून मध्ये राळेचा थर असतो. नमुना मी उकळत्या पाण्यात आणि बर्फात आलटूनपालटून बुडवून पाहिला. एकही तुकडा सुटला नाही.

मी पुन्हा मीठ लावणार आहे. कृपा करून हात लावू नकोस. समोरासमोर बोलले तर आवाज चढेल, म्हणून हे तुझ्या काचकातरीखाली ठेवते आहे.

लोभ आहेच, सध्या रागाखाली आहे.
तुझी भाची

४ मार्च

चि. चिमटीस,
अ. उ. आ.

पत्र कसलं, पंचनामाच तो! एका छपराखाली बसून टपाल चालवणारं आपलंच घराणं. तुझ्या बापाला वाचून दाखवलं, तर म्हणाला, दोघी एकाच भट्टीतल्या.

अगं, काच बसवायच्या आधी लोखंड घासायचं, हे मी जन्मभर करत आले. गंज दिसला की हात ब्रशकडे जातो. तो काही तुझी डिग्री विचारून जात नाही. खांदा भरून आला म्हणून अर्धा राहिला, नाहीतर आरसा केला असता त्याचा. आणि पाण्याच्या ऑफिसात लोकांनी गढूळ पाणी बघायचं होय?

तुझ्या नमुन्यावर मीही हातोडी मारली. काच फुटली, पण सुटली नाही मेली. चिकटतं, हे कबूल. शोभतं, हे नाही. गंजक्या कामाखाली आपल्या काचकारखान्याचं नाव मी घालू देणार नाही. तुझ्या आजोबांनी कमावलेलं आहे ते.

डबा ठेवलाय, खा. रागाने पोट भरत नाही.
आशीर्वाद आहेत, मागितले नाहीस तरी.
आत्या

६ मार्च

ती. आत्यास,
सा. न.

डबा खाल्ला. निळे तुकडे बरणीत भरून ठेवले. साहेबांना भेटून सांगितलं, की गंज मुद्दाम केलेला आहे आणि राहणार आहे. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग विचारलं, हाताला लागणार तर नाही ना. नाही म्हटलं.

मीठ लावायला बसले तेव्हा नीट पाहिलं. तुझ्या ब्रशचे ओरखडे खालून वर वळत गेले आहेत आणि खांदा दुखायला लागला तिथे तुटक झाले आहेत. वर पारदर्शक काच ठेवून पाहिली. नदीच्या वळणावरचं पाणी असंच चकाकतं. मिठाने मला हे साधलं नसतं. ओरखडे राहतील. हे तुझ्यासाठी नाही, कामासाठी. ओरखड्यांच्या आसपासचा पत्रा मी पुन्हा गंजवला आहे. निळी काच लागणार नाही.

खालच्या कोपऱ्यात नावाची जागा मोकळी आहे. कारखान्याचं नाव घालायचं की नाही, ते तू ठरव. नाही म्हणालीस तर माझं एकटीचं घालीन. काम मागे घेणार नाही. शुक्रवारी राळ ओतायची आहे. त्यानंतर अक्षर बसणार नाही.

लोभ नावाशिवायही असू दे. उत्तर मात्र गुरुवारपर्यंत दे.

तुझी भाची