सासूबाईंचं घर रिकामं केलं त्याची गोष्ट

प्रिय रित्सुको वन्सं,

घर रिकामं झालं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे बाकीचं पत्र तुम्हाला निवांत वाचता येईल. पाडणारी माणसं पुढच्या आठवड्यात येतील, बर्फ पडायच्या आत जागा सपाट होईल. मी व्हरांड्यात बसून लिहिते आहे. बसायला गादी उरली नाही, म्हणून कोट घडी करून खाली घेतलाय. फोनवरही बोलता आलं असतं, पण फोनवर तुम्ही पहिल्याच वाक्याला "वहिनी, तुम्ही दमलात" म्हणता, आणि मग मला पुढचं काही बोलवत नाही. दमले आहे, ते खरंच आहे.

सामान कसं काढायचं ते तुम्ही माझ्यावर सोपवलंत, तेव्हा वाटलं होतं, दोन फोन केले की झालं. आधी त्या घरं रिकामी करून देणाऱ्या कंपनीचा माणूस आला. पन्नाशीचा, सूट घातलेला, बोलायला मऊ. बूट नीट जुळवून ठेवले, आधी देव्हाऱ्यापुढे बसून सासूबाईंना उदबत्ती लावली, मग एकेक कपाट उघडून पाहिलं. म्हणाला, दोन दिवसांत सगळं नेतो, तुम्ही चमचासुद्धा उचलायचा नाही, आठवणीच्या वस्तू आम्ही बाजूला काढून देतो. मी विचारलं, आठवणीची वस्तू कुठली ते तुम्हाला कसं कळतं? तो म्हणाला, सवयीने. मला त्याचा राग नाही आला. त्याचं बहुधा बरोबरही असेल. मग नगरपालिकेला फोन केला. त्यांची पद्धत अशी, की महिन्यातून एकदा, मोजक्याच मोठ्या वस्तू, प्रत्येकीवर विकत घेतलेली चिठ्ठी चिकटवून फाटकाशी ठेवायच्या. त्या गतीने गेलं असतं तर घराआधी माझ्याच पाठीवर चिठ्ठी लावून मला फाटकाशी उभं करावं लागलं असतं. तिसरा मार्ग म्हणजे आपणच टेम्पोत भरायचं आणि घाटापलीकडच्या कचरा जाळायच्या केंद्रावर नेऊन टाकायचं.

कंपनीच्या माणसाची मोटार फाटकाशी दिसली, तशी दुसऱ्या दिवशी थोरल्या पातीच्या मोठ्या घरचे तोकुजी काका हजर. चहा संपेपर्यंत हवापाण्याचं बोलले आणि मग म्हणाले, फुसा गेली म्हणून परक्या माणसांनी तिच्या पेट्या उघडायच्या हे बरं दिसत नाही, गाव काय म्हणेल, असली कामं घरच्या सुनेच्या हातूनच व्हायला हवीत. मी मान डोलावली. शेजारच्या ओबांकडून त्यांचा टेम्पो मागून घेतला, सफरचंदं उतरायच्या आत परत करायच्या बोलीवर. काका सगळ्यांना सांगत सुटले की हात्सुएने माझं ऐकलं.

त्यांचं ऐकलं नाही, वन्सं. मला माझ्या हातांनीच टाकायचं होतं. शिगेनोबूंशी लग्न होऊन या घरात आल्यापासून मी विचारल्याशिवाय काहीही टाकलेलं नाही. तुम्हाला ते किटलीचं तडकलेलं झाकण आठवतं? लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मी ते कचऱ्यात टाकलं, आणि जेवायला बसले तर सासूबाईंनी ते काढून, धुऊन, माझ्या भाताच्या वाडग्याशेजारी ठेवलेलं. तुम्ही तेव्हा कॉलेजातून सुट्टीला आला होता. नंतर मला न्हाणीघराच्या मागे बोलावून माझ्या हातावर घेवड्याचं गोड सारण भरलेला पाव ठेवलात आणि म्हणालात, "आई माझे फाटके मोजेही कचऱ्यातून परत आणते. तुम्ही एकट्या नाही." आपण दोघी तिथे थंडीत कुडकुडत तोंड दाबून हसलो होतो. या घरात मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा.

पाहुण्यांसाठीच्या गाद्या निघाल्या, माळा भरून. इतके पाहुणे या घरात कधी झोपले? एकदा शिगेनोबूंच्या वडिलांच्या दिवसांना, बस्स. पण दर उन्हाळ्यात त्या सगळ्या मी खाली आणून उन्हात टाकत होते, झटकत होते, परत वर नेत होते. भेटीदाखल आलेले टॉवेल, खोक्यातून कधीच न काढलेले. लोणच्याची पिंपं. चापूनचोपून घड्या घातलेले वेष्टणाचे कागद आणि दोऱ्यांची भेंडोळी, सासूबाईंनी एकेक गाठ सोडवून ठेवलेली. शिगेनोबूंच्या गळाच्या काठ्या ओबांना दिल्या. तुमच्या आईचा जांभळा किमोनो आणि तुमच्या शाळेतल्या चित्रांची गुंडाळी वेगळ्या पार्सलने पाठवली आहे. ओलं लागू नये म्हणून आतून प्लास्टिक घातलंय.

पिंपं टेम्पोत चढवली त्या दिवशी काका पुन्हा आले. फाटकातच उभे राहून म्हणाले, फुसाच्या हातचं लोणचं ज्यात मुरलं ती पिंपं जाळायची? त्या गाद्यांत कापूस किती चांगला आहे. पूर्वजांचा देव्हारा तर हलवायचाच नाही. दुपारी भरलेला टेम्पो घेऊन सरळ मोठ्या घरी गेले, त्यांच्या दारात उभा केला, मागची फळी खाली पाडली आणि म्हटलं, "काका, जे ठेवायचं ते उतरवून घ्या. देव्हारा उद्या आणते."

काका टेम्पोभोवती फिरले. एका पिंपाला टिचकी मारून पाहिली. तेवढ्यात काकू बाहेर आल्या, एकदा टेम्पोकडे पाहिलं, एकदा काकांकडे, आणि जाऊन कोठाराचं दार ओढून घेतलं. काकांनी फळी उचलून परत लावली. मग म्हणाले, "जा तू आता. केंद्र बंद होईल." देव्हाऱ्यासाठी शेवटी मीच देवळातल्या भटजींना बोलावलं, पूजा करून त्यातल्या पूर्वजांना निरोप दिला आणि तो मोकळा केला. काका आले होते. पुढच्या रांगेत बसले.

केंद्रावर आत शिरताना टेम्पोसकट वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. खिडकीतला माणूस मान वर न करता विचारतो, कचरा कुठला, घर कुणाचं. पहिल्या दिवशी मी सासूबाईंचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "तुम्ही कोण त्यांच्या?" मी म्हटलं, सून. "मुलगा?" मी म्हटलं, तो आधीच गेला. "म्हणजे घर आता तुमचं." मी म्हटलं, नाही, नणंदेचं. त्याने तेव्हा वर पाहिलं, माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बरं, जा पुढे." मागे गाड्या थांबल्या होत्या.

घर तुमचं आहे याचं मला काही नाही, वन्सं, कायदा मला माहीत आहे आणि तुम्ही मला त्यात वाटा द्यायला निघाला होता तेही माहीत आहे. त्या खिडकीशी मला फक्त एवढंच कळलं, की मी कोण हे सांगायला मला लागोपाठ दुसऱ्या कुणाची तरी नावं घ्यावी लागतात. पुढे जाऊन खड्ड्याच्या काठावरून त्या गाद्या मी एकेक ढकलल्या. वाटलं होतं, मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही, खांदे दुखले. गाडीत बसून बरोबर आणलेला भाताचा गोळा खाल्ला आणि पुढची खेप आणायला निघाले. असं जवळजवळ दोन आठवडे चाललं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सासूबाईंच्या अंत्यविधीनंतर जेवणावर काका सगळ्यांदेखत म्हणाले होते, कबरी, वर्षाची कार्यं, देऊळ, सगळं हात्सुए बघेल, ती आहे तोवर आपल्याला घोर नाही, आणि पुढे तीही आपल्याच कबरीत यायची आहे. तुम्ही खाली ताटाकडे पाहत होता. मी रागावले नव्हते, तुम्हीही माझ्याइतक्याच थकलेल्या दिसत होता. पण त्या दिवसापासून माझ्या मनात होतं, आणि शेवटची खेप टाकून आले त्याच दुपारी मी नगरपालिकेत गेले आणि सासरशी असलेलं नातं संपल्याची नोंद केली. नवरा गेलेल्या बाईला तसं करता येतं, कुणाची संमती लागत नाही. शिगेनोबू माझे नवरे होते ते राहतातच, एवढं मी दोनदा विचारून घेतलं. त्यांच्या कबरीवर मी जाईन, माझ्या मनाने जाईन. काकांना अजून कळलेलं नाही. त्सुरुओकात एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या आहेत, खिडकीतून समुद्र दिसत नाही पण वास येतो. नगरपालिकेतल्या बाई म्हणाल्या, घरच्या कुणाला आमच्याकडून कळवलं जात नाही, तुम्हीही कळवायची गरज नाही. पण तुला न सांगता हे ठेवणं मला जमेना. त्या कागदाने तू माझी नणंद राहिली नाहीस आणि मी तुझी वहिनी. आता तू मला पत्र लिहिलंच पाहिजेस असं काही बंधन नाही. तरी लिहिशील का? खाली नवा पत्ता दिला आहे. येणार असशील तर तिकडे एकच गादी नेऊन ठेवली आहे, ती तुला देईन.

तुझीच,
हात्सुए