मेणबाईचा शब्द

ता. ३ फेब्रुवारी

चि. खारू हिस आत्याचे अ. उ. आ.

दादाची कंबर कशी आहे? गोळ्या खातो की तोंड वाकडं करून उशीखाली सारतो? वहिनीची दाढ काढली का अजून लवंगेवरच भागवते आहे? जावईबापूंचा खोकला थांबला असेल अशी आशा करते, कारण मागच्या खेपेला फोनवर तुझ्यापेक्षा तोच जास्त बोलत होता. आणि तुझे डोळे? दिवसभर पडद्याकडे बघून बघून मटारच्या दाण्याएवढे झाले असतील. इकडे तुझ्या आतोबांचा गुडघा बरा आहे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणं चालू आहे, म्हणजे प्रकृती उत्तम. मला काही धाड भरलेली नाही. रोज दहा-बारा शिवणयंत्रं खोलते, जोडते आणि तेलकट हातांनी जेवायला बसले म्हणून बोलणी खाते.

पत्र लिहायला कारण झालं. माझ्या दुकानासमोरच्या थिएटरात तुझ्या त्या 'राखणदार' सिनेमाचा दुसरा भाग लागला आहे. पहिला भाग सुटला की पोरं उड्या मारत, हात पसरून उडत बाहेर यायची. आमचा बाक त्यांनीच मोडला. या खेपेला मात्र काही वेगळंच दिसतं. माणसं गप्प बाहेर येतात. परवा एक जण मुलाला खांद्यावर घेऊन निघाला, तर मुलानं तोंड बापाच्या मानेत खुपसलेलं. एक बाई म्हणाल्या, काय मेलं मसणवट्यात बसवून आणलं. आणि त्यांच्याच मागून आलेल्या दोघी मुली सरळ पुढच्या खेळाच्या रांगेत जाऊन उभ्या! आता हे कोडं मी कुणाला विचारू? परक्या सिनेमाला आपल्या भाषेत बोलायला लावणारी भाची घरची असताना मी पोस्टरकडे बघत बसायचं?

फोनवर विचारलं की तू 'चाललंय बरं' म्हणतेस आणि भाजीवर घसरतेस. पत्रात तुझं अक्षर खरं बोलतं. तेव्हा लिही.

तुझी, उत्सुकतेनं पोट फुगलेली,
आत्या

---

ता. ११ फेब्रुवारी

ती. आत्यास खारूचा सा. न. वि. वि.

बाबा गोळ्या उशीखालीच ठेवतात, तू भिंतीआडून बघतेस की काय? आईची दाढ निघाली. खोकला गेला, खोकणारा ठणठणीत आहे. माझे डोळे चुरचुरतात, पण ते पडद्यामुळे नव्हे.

तुझं कोडं सोडवते. पहिल्या भागाच्या शेवटी राखणदार आगीत सापडला, आठवतं? लोकांना वाटलं वाचला असेल. नव्या दिग्दर्शकानं ठरवलं की तो मेलाच. दुसऱ्या भागात तो राखेतून उठतो, पण मेलेलाच. गाव म्हणजे नुसते उंच काळे मनोरे, धुकं, कावळे आणि थडगी. तिथे एक मेणबाई आहे. ती मेणाचे चेहरे घडवते. तिचा मुलगा त्याच आगीत गेला, आणि राखेतून उठलेला हाच आपला मुलगा असं ती धरून बसते. खलनायिका तीच. वर्तमानपत्रात एकानं लिहिलं, महागडं स्मशान. दुसऱ्यानं लिहिलं, असा सिनेमा वर्षानुवर्षांत झाला नाही. घराघरांत भांडणं लागली आहेत.

आता माझं दुखणं. मेणबाई त्याला तीन वेळा 'मेलेल्या माणसा' अशा अर्थाची हाक मारते. मूळ भाषेत तो एकच छोटासा शब्द आहे. मी चार दिवस डोकं खाजवलं आणि लिहिलं, 'मेल्या'. तो खरोखर मेलेला आहे, आणि ती आई आहे. मला वाटलं, दोन्ही एका घोटात आलं.

पहिल्याच खेळाला लोक खो खो हसले. आमचे डबिंगचे साहेब शेजारी बसले होते. त्यांचे कान लाल झाले. म्हणाले, सगळ्यात गंभीर जागी तुम्ही लोकांना गुदगुल्या केल्यात. त्यांना तिथे 'हे मृतात्म्या' हवंय. मी अडून बसले, तर तिसरा भाग दुसऱ्या कुणाला देतील. तो भाग मला हवा आहे, आत्या. पण लोक मला हसत असतील तर कुठल्या तोंडानं मागू?

तू जाऊन बघ. लोक कुणाला हसतात तेवढं सांग. माझी समजूत काढू नकोस, तिथे कुणाशी भांडू नकोस, आणि तोंड उघडणार नाही अशी शपथ घे. आतोबांना नेऊ नकोस, ते मोठ्यांदा 'हा कोण' विचारतात.

लोभ आहेच, तो उतू जाऊ द्यावा,
खारू

---

ता. २० फेब्रुवारी

चि. खारू हिस अ. उ. आ.

आतोबांना नेलं. त्यांनी विचारलं, हा कोण. मागच्या बाईंनी सांगितलं, मेलेला आहे. ते म्हणाले, मग चालतो कसा? त्या म्हणाल्या, सिनेमा आहे, आजोबा. त्यानंतर त्यांचं दोघांचं छान जमलं.

आधी वाईट सांगते, कारण तू समजूत नको म्हणालीस. मधला भाग रेंगाळतो. धुकं इतकं की आतोबांनी दोनदा चष्मा पुसला. मेणाचे चेहरे एकदम डोळे उघडतात तिथे दोन घरं पोरांना उचलून बाहेर गेली, आणि त्यांचं काही चुकलं नाही. पहिल्या भागाची गंमत दाखवून बोलावलं आणि थडग्यांत नेऊन बसवलं, म्हणून लोक चिडले आहेत. औषधाच्या दुकानातली मुलगी म्हणाली, राखणदाराला कामच नाही, सगळा सिनेमा मेणबाईनं खाल्ला. पण हे सांगताना तिच्या हातात दुसऱ्या खेपेचं तिकीट होतं! आणि राखणदार एकदा तिला म्हणतो, 'तुझा हेतू काय आहे?' असं आपल्यात कोण बोलतं गं? 'तुला हवंय तरी काय' म्हणायला काय झालं होतं?

आता तुझा शब्द. तो पहिल्यांदा मनोऱ्यावर येतो, अंगावरून राख गळते आहे. ती वळूनसुद्धा न बघता म्हणते, 'आलास का, मेल्या?' सगळं थिएटर हसलं. मीही हसले. म्हटलं, मला न विचारता माझ्या तोंडातला शब्द उचललास, मेले! पण हसू ओठांवरच राहिलं, कारण तो उजेडात आला आणि आठवलं की हा खरंच मेलेला आहे. दुसऱ्यांदा ती त्याच्या फुटलेल्या गालाला मेण लावते, 'हलू नकोस, मेल्या.' तिथे थोडे हसले, बाकीचे नुसतेच खुर्चीत हलले. आणि शेवटी मनोरा कोसळतो. हा आपला मुलगा नाही हे तिला कळलेलं असतं. तरी ती त्याला बाहेर ढकलते आणि म्हणते, 'जा मेल्या, जग.' तिथे चूं की चां नाही. माझ्या पुढचा माणूस पाय वर घेऊन बसला होता, त्यानं हळूच खाली सोडले.

बाहेर एका बँकेतल्या कारकुनाला मी विचारलं, तुम्ही एवढं कशाला हसलात? तो म्हणाला, माझी आई अश्शीच हाक मारायची. मग बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला. नीटच बांधलेली होती.

हसले हे खरं. पण तुला नाही. साहेबांना सांगायचं की नाही, तुझं तू बघ.

तुझ्यावर जीव टाकणारी,
आत्या

---

ता. २७ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र साहेबांना वाचून दाखवलं. ते वाईट नाहीत. आतोबांचं आलं तिथे हसले, चहाही मागवला. मग म्हणाले, एका आत्याचं पत्र म्हणजे सगळे प्रेक्षक नव्हेत. शुक्रवारपासून तिन्ही जागी 'हे मृतात्म्या' ऐकू येईल. मेणबाईचा आवाज देणाऱ्या ताई अर्ध्या तासात बोलून गेल्या. जाताना कुरकुरल्या की ओठ एक बोलतात आणि आपण भलतंच.

तिसरा भाग देतील, पण माझ्यावर वाक्यं तपासणारा एक जण बसवून, घरगुती शब्द एकही नको या अटीवर. येता सोमवार सोडून त्याच्या पुढच्या सोमवारपर्यंत हो किंवा नाही सांगायचं आहे. मी नाही म्हणणार. मिक्सरच्या माहितीपुस्तिकांचं जुनं काम अजून मिळतंय. भांड्याचं झाकण नीट बसवा. त्यावर कुणी हसत नाही. काही सुचवू नकोस, फक्त कळवते आहे.

रुसलेली, पण तुझीच,
खारू

---

ता. ५ मार्च

चि. खारू हिस अ. उ. आ.

सोमवारच्या आत पोचावं म्हणून आतोबांना हे घेऊन लगोलग टपालात धाडते आहे. सुचवत काही नाही. काय झालं तेवढं लिहिते.

काल आम्ही पुन्हा गेलो. थिएटर भरलेलं. आता येतात ते बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या खेपेचे, न आवडलेले कधीच गळाले. ती मनोऱ्यावर म्हणाली, 'आलास का, हे मृतात्म्या?' कुणी हसलं नाही. कुणी काहीच केलं नाही. एक जण खोकला. मेण लावताना पुन्हा तेच आलं, तेव्हा पुढून एका मुलीनं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, अरे, 'मेल्या' कुठे गेलं? मग हशा झाला, आणि तो तुमच्या साहेबांच्या शब्दाला होता.

पुढे मनोरा कोसळायला लागला. खारू, लोक वाट बघत होते गं. बसल्या जागी पुढे झुकले होते. तिनं त्याला ढकललं, तोंड उघडलं, आणि ताईंचा आवाज यायच्या आत वरच्या बाल्कनीतून घोगऱ्या आवाजाचा एक बाप्या हळूच म्हणाला, 'जा मेल्या.' मग डावीकडून कुणी. मग पुढच्या कॉलेजच्या मुलींची सगळी रांग. एका सुरात नाही, जो तो आपापला, मागेपुढे. 'जग,' म्हणाले, 'जग.' मृतात्मा त्याखाली कुठे गेला कळलंच नाही. हसलं कुणी नाही. आतोबाही म्हणाले. मी शपथेला जागून तोंडावर हात दाबून बसले होते, नाहीतर माझाच आवाज सगळ्यात मोठा असता.

दारावरचा माणूस म्हणाला, शुक्रवारपासून दर खेळाला असंच चाललंय. मालकांनी कंपनीला कळवलंय की जुनाच आवाज परत पाठवा. तेव्हा साहेबांकडे आता माझ्याखेरीज आणखी कुणाकुणाचं पत्र पोचलं असेल.

त्यांना हो म्हण, नाही म्हण, अट काढा म्हणून भांड. मिक्सरच्या पुस्तिका वाचून कुणी हसत नाही हे अगदी खरं, पण अंधारात बसून त्या कुणी तोंडपाठ म्हणतही नाही. लोक हसतील या भीतीनं मात्र नाही म्हणू नकोस. ते कारण काल संपलं, मी तिथे होते.

सोमवारी काय बोललीस ते त्याच दिवशी लिही, दोन ओळी का असेनात. टपालवाला कोपऱ्यावर दिसला की मी यंत्र अर्धं खोललेलं टाकून पायरीवर येते, तेव्हा फार ताटकळत ठेवू नकोस.

तुझी वाट बघणारी,
आत्या