बुखारीचा मागचा पत्रा

सस्पोल, लडाख
६ जुलै १९९६

चि. स्तोबदान यास,
थोरल्या बहिणीचे, तुझ्या अचेचे, भरभरून आशीर्वाद. वि. वि. महिनाभर तुझं पत्र नाही. जम्मूच्या उकाड्यात शाई वाळते की माया, तेवढं कळव.

काल मी बुखारी, आपली ती पत्र्याची लाकडाची शेगडी, ओढत अंगणात आणली. धुराड्याचे नळ काढले, काजळी झटकली. माझं काळं तोंड पाहून शेजारणी हसल्या. रंगाचे पोपडे निघालेत, खालून गंज डोकावतोय. उन्हाळ्यातच खरवडून, घासून रंग द्यायला हवा. थंडी पडली की तिला विझवणार कोण? पण अमाले, आईच ती, तिच्याकडे पाठ करून बसली. म्हणाली, ही पुन्हा आत आली तर मी गोठ्यात झोपेन.

तिचंही बरोबर आहे. जानेवारीत मला घेऊन पुटित मावशीकडे मुक्कामाला जाताना तिने धुराड्यातली झडप मिटायची चावी अर्धी फिरवली, आबालेंना लाकूड हळू जळून पहाटेपर्यंत पुरावं म्हणून. सकाळी आबाले उठलेच नाहीत; आपले वडील झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, धूर कोंडला. मावशी अजून चारचौघांत म्हणते, चावी माझ्या बहिणीनेच बंद केली. अमालेलाही तेच वाटतं. पण बुखारीशिवाय आमचा हिवाळा निघायचा कसा?

मागच्या ऑगस्टात रंग तूच दिला होतास. तो आच सोसणारा रुपेरी रंग तिकडे मिळाला तर पाठव. तब्येतीला जप, आणि माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अचे,
यांगदोल

जम्मू
१७ जुलै

ती. अचेले यांस,
सा. न. वि. वि. पत्र पोचलं. परीक्षेचे पेपर तपासतोय, म्हणून उशीर.

बुखारी खरवडू नकोस. जुना पत्रा आहे, घासून आणखी पातळ होईल. सरळ भंगारात दे. मी नवी बघतो. अमालेची इच्छा नाही, तर कशाला हट्ट? खरंच, हात लावू नकोस.

घाईत आहे. अमालेला साष्टांग नमस्कार. लोभ कमी करू नये.
तुझा,
स्तोबदान

सस्पोल
२६ जुलै

चि. स्तोबदान,
आशीर्वाद. तुझं पत्र आलं तेव्हा दोन बाजू घासून झाल्या होत्या. एका पत्रात पुन्हापुन्हा नको म्हणालास. लहानपणी साखर चोरलीस की असाच बोलायचास. म्हणून मागची, भिंतीकडची बाजू मुद्दाम लगेच घेतली.

तिथला रंग सालीसारखा सुटून आला. खाली राख-मातीचा लेप होता, आचेने तडकून भेगाळलेला. खिळ्याने टोचलं तर लेप आत पडला. वीतभर चीर आहे, स्तोबदान. बोट जातं. लोहाराला दाखवलं. तो म्हणाला, या चिरेतून धूर खोलीत यायचाच, चावी उघडी असो की बंद.

अमालेला अजून काही सांगितलेलं नाही. पोतं टाकून झाकून ठेवलंय. ती जेवताना माझ्याकडे बघते आणि मी ताट उचलून उठते. तो लेप तू लावलास का? मला फक्त खरं हवंय.
यांगदोल

जम्मू
५ ऑगस्ट

ती. अचेले,
नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू?

मीच लावला. रंगाआधी घासताना चीर दिसली. आबालेंना म्हटलं, लेहला नेऊन सांधून आणतो. पण मित्रांचा ट्रक दोन दिवस आधी निघत होता आणि मला त्यांच्याबरोबर यायचं होतं. एवढंच कारण. राख, माती, मीठ कालवून चीर बुजवली, वर दोन हात रंग मारला. आबालेंना सांगितलं, लोहार गावातच आला होता, सांधून गेला. त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, नवीच झाली की रे.

जानेवारीत अंत्यविधीला विमानाने आलो, मावशी अमालेला बोलत होती तेव्हा मी समोर बसलो होतो. चहाच्या पेल्यात बघत राहिलो. रोज ठरवतो, आज लिहीन.

हे पत्र अमालेला वाचून दाखव. तू दाखवलं नाहीस तर मी मावशीला लिहीन. लोभ मागायचा हक्क नाही.
स्तोबदान

सस्पोल
२५ ऑगस्ट

चि. स्तोबदान,
वाचून दाखवलं. आबालेंनी हात फिरवला ते वाक्य तिने दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग उठून गाईला पाणी पाजायला गेली. चौथ्या दिवशी सणाचा लांब झगा, गोंचा घालून, केस विंचरून मावशीच्या दारात उभी राहिली. मावशी आत ये म्हणाली तरी अमाले गेली नाही. उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, चावीमुळे नाही गेले ते, पुन्हा म्हणू नकोस. मावशीने कारण विचारलं, तर म्हणाली, आमच्या घरातलं आहे. तुझं नाव घेतलं नाही.

काल अमालेने मला विचारलं, झोजिलाची खिंड बर्फाने कधी बंद होते. मी म्हटलं, नोव्हेंबरात. म्हणाली, मग त्याला लिही. येऊन बुखारी स्वतः लेहला ने, समोर उभा राहून सांधून घे, रंग दे, दारं-खिडक्या सताड उघडून पहिला जाळ कर, रंगाचा वास जाईपर्यंत तिथेच बस. कुणा दुसऱ्याने केलेलं चालणार नाही.

मी विचारलं, माफ केलं म्हणून लिहू का? म्हणाली, नको. अजून केलेलं नाही. खोटं लिहू नकोस. नुसतं ये म्हणून लिही.

तर ये.
तुझी अचे,
यांगदोल