गिरवलेलं अक्षर

रामघाट, वाराणसी
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय मधुरा हिस कस्तुरीचा स. न. वि. वि.

पाकिटात शेवटची आठ पानं आहेत. स्कॅन करताना चहा लांब ठेव. मागच्या वेळी तू सातव्या पानावरच्या गंगेत चहा सांडलास, तो बुजवता बुजवता माझी पांढऱ्या रंगाची बाटली संपली. हे सगळं फोनवर बोलता येतं, कबूल. पण तुझ्या बाबांची बँकेतून बदली झाली आणि तुम्ही आमचा वरचा मजला सोडून पुण्याला गेलात, तेव्हापासूनची ही सवय आहे. पाकीट जातंच आहे, तर दोन कागद जास्त.

तुझं ऐकलं. नवऱ्याचं नाव बदललं, बायकोचं बदललं, गावसुद्धा सोलापूरकडचं उचलून खानदेशात टाकलं. तरी माझं म्हणणं कायम आहे की नावं बदललेली खरी गोष्ट म्हणजे मीठ विसरलेली खिचडी. आपण आपल्या हिमतीवर कॉमिक छापतो ते कशासाठी? ना प्रकाशक, ना संपादक, मग भ्यायचं कोणाला?

अक्षर मात्र बदललेलं नाही. बाबा स्नानाला घाटावर गेले की आमच्या तीर्थपुरोहितांच्या वहीतल्या पानाचे फोटो काढले, विद्यापीठाजवळच्या लंका चौकातल्या दुकानात प्रिंट काढून आणले आणि काचेखाली बल्ब लावून ओळ न ओळ गिरवली. काशीला आलेल्या यजमानानं १९५१ साली आमच्या घरात बसून लिहिलेलं, ‘पत्नी काशीत वारली.’ आणि सहा वर्षांनी नेमकं त्याच्या खाली, त्याच पत्नीनं येऊन लिहिलेलं, ‘मी आहे.’ अंगावर पांढरे डाग उठले म्हणून माणूस जिवंत बायकोला धर्मशाळेत सोडून जातो आणि वहीत तिला मारून टाकतो. असं ठाम, वळणदार खोटं अक्षर मला सात जन्मांत जमलं नसतं.

बाबांना काही सांगितलेलं नाही. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, म्हणून कॉमिकच्या कन्व्हेन्शनला मी येत नाही. स्टॉल तूच सांभाळ. मागच्या कव्हरवर एकच ओळ घाल: ‘या गोष्टीत कोणालाही वाचवलेलं नाही.’

काकूंना नमस्कार. लोभ असू दे, आणि चहा लांब असू दे.

तुझी
कस्तुरी

पुणे
१७ डिसेंबर २०२४

प्रिय कस्तुरी,
स. न. वि. वि.

आधी चांगलं सांगते, कारण पुढचं सांगायला मला धीर गोळा करावा लागणार आहे. आपली सगळी पुस्तकं संपली. आजूबाजूला तलवारी घेतलेली, निळे केस लावलेली पोरं आणि मधे आपलं काळं-पांढरं रामघाटाचं कॉमिक, तरी लोक थांबत होते. शेजारच्या स्टॉलवर निनाद नावाचा एक चित्रकार होता. त्याची पात्रं चंद्रावर शेती करतात. त्याचं म्हणणं, दुसऱ्याच्या घरातलं दुःख उचलून आणणं ही चित्रकला नव्हे, ती उचलेगिरी. मी त्याच्याशी दोन दिवस भांडले. चंद्रावरच्या माणसाला कोणी जाब विचारायला येत नाही, म्हणून तुला सोपं जातं, असं मी त्याला ऐकवलं.

मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समजावून सांगत होते. महाराष्ट्रातून काशीला गेलेला माणूस आपल्या तीर्थपुरोहिताकडे जातो, त्यांच्या वहीत घरात कोण जन्मलं, कोण गेलं ते स्वतःच्या हातानं लिहून सही करतो, आणि ही लेखिका तशाच पुरोहिताची मुलगी आहे. नावं बदललीत, पण अक्षरसुद्धा खरं आहे, असं मी अगदी छाती काढून सांगत होते.

पहिल्या दिवशी रोहन नावाच्या एका कॉलेजातल्या मुलानं पुस्तक घेतलं. दुसऱ्या दिवशी तो आजीला घेऊन आला. इंदूताई, वय अठ्ठ्याहत्तर. त्या गर्दीत नऊवारी आणि पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी पुस्तकातलं ते पान उघडलं, पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीतलं एक जुनं पत्र काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. पत्र त्यांच्या वडिलांचं होतं. कस्तुरी, अक्षर तेच. ओळीच्या शेवटी वर उचललेला तो फटकारासुद्धा तोच.

आई काशीला पटकीनं गेली असं त्यांना पाच वर्षांच्या असताना सांगितलं होतं. सौभाग्यवती गेली म्हणून लग्न झाल्यापासून दर अविधवा नवमीला त्या आईच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात. त्यांनी मला एवढंच विचारलं की खालची ओळ खरी आहे का. मी आदल्या मिनिटापर्यंत ओरडून सांगत होते की खरी आहे, आणि आता पुस्तकांचा गठ्ठा सरळ करत बसले. त्याहून वाईट सांगते. पुस्तकाशेजारी ते पत्र दिसलं तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते हे, की याचा फोटो किती सुंदर येईल. मला माझीच लाज वाटते आहे.

न विचारता तुझा पत्ता दिला. फेब्रुवारीत त्या काशीला येणार आहेत. रागाव, पण लिही. काकांचा डोळा कसा आहे?

तुझी, तोंड लपवून बसलेली
मधुरा

रामघाट, वाराणसी
८ जानेवारी २०२५

प्रिय मधुरा,
स. न. वि. वि.

तू तोंड लपवू नकोस, ती जागा माझी आहे. तीन आठवडे फोन उचलला नाही, कारण आवाजावरून तू ओळखलं असतंस. कागदावर तरी मान खाली घालून लिहिता येतं.

मी वहीचे तीन फोटो काढले होते. तुला दोन ओळी माहीत आहेत. तिसरी अशी: १९६४ साली तो माणूस, दत्तात्रेय, दुसऱ्या बायकोला घेऊन पुन्हा आला. त्यानं पहिल्या बायकोचं, द्वारकेचं, श्राद्ध केलं. ते सांगणारे पुरोहित माझे आजोबा नरहरशास्त्री, आणि ती नोंद त्यांच्या हातची आहे. द्वारकाबाई तेव्हा चार गल्ल्या पलीकडे राहत होत्या. अहिल्याबाईंच्या नावाच्या घाटावर बसून वाती विकायच्या. ज्या पानावर त्यांनी ‘मी आहे’ लिहिलं, त्याच पानावर आजोबांनी सात वर्षांनी त्यांचं श्राद्ध लिहिलं. वरची ओळ त्यांना दिसली नसेल असं मी स्वतःला समजावून पाहिलं. तळहाताएवढं पान आहे ते.

आणि मी कॉमिकमधे आजोबांना काय केलं? बाराव्या पानावर ते तिला भात वाढताना दाखवले. भात ते खरंच द्यायचे, पण एवढंच खरं नव्हतं. तिसऱ्या ओळीचा प्रिंटसुद्धा मी काढला होता. काचेवर ठेवला, बल्ब लावला, आणि उचलून घेतला. परक्या माणसाचं अक्षर गिरवताना हात थरथरला नाही, आपल्या माणसाचं आलं तेव्हा दिवा बंद केला. कथेची लांबी वाढते असं कारण स्वतःला दिलं. मग वर ती कव्हरवरची ओळ तुझ्याकडून छापून घेतली.

इंदूताईंचं कार्ड आलं आहे, ११ फेब्रुवारीला येतात. बाबांना अजून काहीच माहीत नाही. वही इतकी जीर्ण आहे की ते पान सुटून पडलं, हरवलं, असं म्हटलं तर कोणी विचारणार नाही. असा विचार मी केला, हेही तुला लिहून ठेवते. काय करू?

लोभ उरला असेल तर राहू दे.

कस्तुरी

पुणे
१५ जानेवारी २०२५

कस्तुरी,

स. न. वि. वि. लिहायचं आज जिवावर आलं आहे, तरी लिहिते.

तुझी ती ओळ मी दोन दिवस बेंबीच्या देठापासून ओरडून विकली. निनाद मला उचलेगिरी म्हणाला तेव्हा मी त्याला सांगितलं होतं की ही मुलगी स्वतःच्या घरालाही सोडत नाही. आता त्याला कुठल्या तोंडानं भेटू? दुसऱ्यांदा छापायला टाकलेलं थांबवलं आहे.

पान हरवलं तर आपली मैत्रीही त्याच पानाबरोबर गेली असं समज. काकांना सांग, आणि वही उघड. नरहरआजोबांनी मला वरच्या जिन्यात बसवून पाढे शिकवले, मलाही हे वाचून बरं वाटलेलं नाही. पण इंदूताई पंचाहत्तर वर्षं खोट्यावर जगल्या, त्यात आपण आणखी भर घालायची नाही.

रागावलेली, पण तुझीच
मधुरा

रामघाट, वाराणसी
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मधुरा,
स. न. वि. वि.

परवा इंदूताई येऊन गेल्या. आठ दिवस आधी, बाबा स्नानाहून आले तेव्हाच मी त्यांना सगळं सांगितलं. पुस्तक त्यांच्या हातात दिलं. नव्या डोळ्यानं त्यांनी पहिल्यांदा वाचलं ते हे. शेवटी एवढंच म्हणाले की यजमान आमच्या वहीत लिहितो तो विश्वासानं लिहितो, खरं लिहो की खोटं. मग ओला पंचा वाळत घालायला गच्चीवर गेले आणि बराच वेळ खाली आले नाहीत.

इंदूताई रोहनचा हात धरून गल्लीतून चालत आल्या. बाहेर महाकुंभाची गर्दी, त्यात हे वय. पाणी प्यायल्या आणि वही मागितली. वडिलांची ओळ त्यांनी नुसती पाहिली. आईच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ठेवूनच बसल्या. पुस्तकातलं गिरवलेलं सोडलं तर आईचं अक्षर त्यांनी याआधी पाहिलेलंच नव्हतं. मग बोट खाली सरकलं. मी अडवलं नाही, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

तिसरी नोंद त्यांनी दोनदा वाचली. रोहननं विचारलं की ही कोणाची, तर मीच सांगितलं की माझ्या आजोबांची. इंदूताईंनी पर्समधून आपलं कॉमिक काढलं, पानं उलटली, शांतपणे विचारलं की यात माझ्या बापाचं अक्षर आहे, तुझ्या आजोबांचं कुठे आहे. आवाज चढला नव्हता. मधुरा, मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी म्हटलं की मी गाळलं. का, ते त्यांनी विचारलं नाही.

चौथी नोंद मला ठाऊक होती, पण मी तिच्याकडे नीट पाहिलं नव्हतं. द्वारकाबाई १९७८ च्या पौषात गेल्या, ती तारीख बाबांच्या अक्षरात आहे. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे. मणिकर्णिकेवर अग्नी त्यांनीच दिला, कारण दुसरं कोणी नव्हतं. हे मला परवा कळलं. इंदूताईंनी ते ऐकलं आणि उठून बाबांना वाकून नमस्कार केला. बाबा दोन पावलं मागे सरले, भिंतीला टेकले, काही बोलले नाहीत. त्यांना संकोच वाटला असेल.

जाण्याआधी त्यांनी पेन मागितलं आणि सगळ्यात खाली लिहिलं: ‘आई होती. मुलगी इंदू.’ पुस्तक बंद करा असं त्या म्हणाल्या नाहीत. पुरं करा, म्हणाल्या.

काल मी आजोबांचं अक्षर गिरवलं. चार नवी पानं पाठवते आहे. कव्हरवरची ओळ काढून टाक. बाबांची नोंद घेतलेली नाही, ती नुसती तारीख आहे, आणि त्यांनी तर चांगलंच केलं.

माझ्यावर लोभ कर असं म्हणायचा हक्क मी हळूहळू परत कमावीन.

तुझी
कस्तुरी

रामघाट, वाराणसी
माघ वद्य नवमी, २२ फेब्रुवारी २०२५

चि. मधुरा हिस शिवरामकाकाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईवडिलांस नमस्कार सांगावा. डोळा आता बरा आहे. ऑपरेशननंतर लिहिलेले हे पहिलेच पत्र.

कस्तुरीने चार नवी पाने पाठवल्याचे समजले. मी ती पाहिली. तिने माझ्या वडिलांना सोडलेले नाही, ते योग्य केले. मला मात्र तिने सोडले आहे. मी तिला म्हटले की माझी नोंदही घे, तर म्हणाली, बाबा, तुम्ही तर अग्नी दिलात. ती मला वाचवू पाहते आहे, जसे मी इतकी वर्षे माझ्या वडिलांना वाचवत आलो. म्हणून तिच्या नकळत तुला लिहितो.

द्वारकाबाई शेवटचे चार महिने अंथरुणावर होत्या. मी रोज भात घेऊन जात असे. एक दिवस त्यांनी मला विचारले की मी गेल्यावर माझ्या इंदूला एक कार्ड टाकशील का. मी हो म्हटले. पत्ता वहीत होता. वडील म्हणाले की जुने यजमान तुटतील, राहू दे. मी राहू दिले. १९९० साली वडील गेले. त्यानंतर मला अडवणारे कोणी नव्हते. तरीही मी कार्ड टाकले नाही. आता काय उपयोग, असे दरवर्षी म्हणत राहिलो, आणि ती मुलगी दरवर्षी सवाष्ण जेवू घालत राहिली.

त्या दिवशी इंदूताईंनी मला नमस्कार केला. तेव्हा तोंड उघडायला हवे होते. उघडले नाही.

हे पत्र आधी इंदूताईंना नेऊन दाखव. त्यांनी हो म्हटले तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर जसेच्या तसे छाप, नाव न बदलता. कस्तुरीला गिरवायला लावू नकोस, तिचा हात चालणार नाही. तू गिरव. म्हणून मुद्दाम काळ्या शाईने, ठळक आणि सुटे लिहिले आहे.

सत्तेचाळीस वर्षे उशिरा टाकलेले कार्ड समजून हे पोचते करावे.

तुझा
शिवरामकाका